मुई बिएन मैना

मैनाला स्पॅनिशमधला कुत्रा जमत नव्हता. गाय जमायची, मांजर जमायची, खिडकी-दरवाजा-टेबल सगळं झोपेतसुद्धा यायचं, पण कुत्रा आला की संपलं. कुत्र्याला त्या भाषेत पेर्रो म्हणतात आणि त्यातला र जिभेच्या शेंड्यावर भोवऱ्यासारखा गरगर फिरवावा लागतो. मैनाचा र फिरायचाच नाही, तोंडातल्या तोंडात आपटायचा. आणि तिच्या शेजारी बसणारी तानी, जिला दोन ओळी धड लिहिता येत नव्हत्या, तिचा र असा फिरायचा की पिलारबाई हातातला खडू खाली ठेवून ऐकत बसायच्या. मग तानीच्या गालावर थापटी मारून म्हणायच्या, "इखा, मी इखा."

इखा म्हणजे लेक. मी इखा म्हणजे माझी लेक.

मैनाने काहीही बरोबर सांगितलं की पिलारबाई म्हणायच्या, "मुई बिएन." म्हणजे फार छान.

बस. एवढंच. दोन वर्षं मैना फार छान होती आणि तानी लेक होती. ह्याच्यावर कोणी जळणार नाही का? मैना जळायची. सकाळी विहिरीवर जळायची, वर्गात जळायची, भाकरी खाताना जळायची.

आता भिवंडीकडच्या दिघाशीसारख्या गावात स्पॅनिश कुठून आली हे सांगायला पाहिजे. अंबाडीच्या अलीकडे सिस्टर लोकांची एक छोटी शाळा होती, सातवीपर्यंतची, कौलारू. पिलारबाई तिकडच्याच, स्पेन देशातल्या, पण इतकी वर्षं इथे राहिल्या होत्या की मराठी बोलायच्या, भाकरी थापायच्या आणि एसटीच्या कंडक्टरशी भांडायच्यासुद्धा. शाळेच्या मागे दवाखाना बांधायचं चाललं होतं. त्या दवाखान्यासाठी त्यांच्या देशातून एक डॉक्टरीणबाई येणार होत्या आणि त्यांना मराठीचा म सुद्धा येत नव्हता. त्या शिकेपर्यंत त्यांच्याजवळ बसून आजाऱ्यांचं बोलणं त्यांना सांगणार कोण? पिलारबाईंना शाळा सोडून तिथे बसता येणार नव्हतं. म्हणून त्यांनी चौऱ्याहत्तर साली शाळा सुटल्यावर स्पॅनिशचा तास सुरू केला. सुरवातीला व्हरांडा भरून पोरी आल्या, कारण तासाला गोड बिस्कीट मिळायचं. मग बिस्कीट बंद झालं, पोरी गळाल्या, आणि शेवटी उरल्या दोघीच. मैना आणि तानी. सातवी झाली, शाळा संपली, तरी दोघी तेवढ्या तासाला येत राहिल्या.

मैना सावळारामची मुलगी. सावळाराम कुणबी, थोडी भाताची जमीन, पण पावसाळा सोडून बाकी वर्षभर भिवंडीत लूमवर. गुरुवारी रात्रपाळी नसली की संध्याकाळच्या गाडीने घरी यायचा, कारण शुक्रवारी भिवंडीत लूम बंद. आख्ख्या गावाचा रविवार शुक्रवारी असायचा. भांडणं शुक्रवारी, साखरपुडे शुक्रवारी, कौलं शाकारायची तीसुद्धा शुक्रवारी. मैना शाळेत कायम पहिली. पाढे, कविता, इतिहास, सगळं घोकून पाठ. स्पॅनिशपण तिने तशीच धरली. डोक्यावर हंडा आणि तोंडात वाक्यं.

तानी ओढ्यापलीकडच्या पाड्यावरची. वारली. तिची आई राहीबाई मैनाच्या शेतावर लावणीला यायची, आणि पाठीला बांधलेली तानीपण यायची. म्हणजे मैना तिला जन्मापासून ओळखत होती, बांधावर बसलेली, नाक पुसायची शुद्ध नसलेली. ती तानी आता माझ्यापुढे? मैनाच्या मनात हे असंच यायचं, ह्याच शब्दात, आणि आल्यावर तिला लाजबीज काही वाटायची नाही.

पण राहीबाई नुसती मजूर नव्हती. ती धवलेरी होती. पाड्यावर लग्न भट लावत नाही, धवलेरी लावते. ती गात बसते, दिवस दिवस, आणि तिचं गाणं पुरं झालं की लग्न लागलं. मधे गाणं तुटलं तर लग्नही तिथेच अडलं. राहीबाईचा घसा आताशा लवकर बसायचा, म्हणून तानी मागे बसून ओळ धरायची. आई दमली की लेक, लेक थांबली की आई. एवढी लांबच लांब गाणी, एक अक्षर कुठे लिहिलेलं नाही, आणि तानीला पाठ. मग पिलारबाईंची वाक्यं म्हणजे तिला काय? ती प्रत्येक वाक्य त्या चालीत बसवायची आणि गुणगुणत घरी जायची. दुसऱ्या दिवशी वाक्य तिचं झालेलं असायचं. मैना घामाघूम होऊन पाठ करायची आणि ही बया गात गात जायची.

मैनाने र साठी काय नाही केलं. विहिरीवर कोणी नाही बघून जीभ टाळ्याला लावून र्र्र करत बसायची. एकदा आई, बायजाबाई, मागून आली आणि तिने ते ऐकलं. तिने आधी मैनाचं कपाळ बघितलं, मग पोट विचारलं, मग गपचूप लिंबू-मिरची उतरवली.

"आये, मी शिकतंय."

"कुत्र्यासारखं गुरगुरायचं शिकवतात तुमच्या शाळेत?" बायजाबाई म्हणाली. "ते तर आपला टिप्या बी करतो. त्याला न्हाय कोण डागदरणीजवळ बसवत."

मैनाला राग आला, कारण टिप्याला खरंच चांगलं जमायचं.

हे सगळं नुसत्या हौसेपायी असतं तर गोष्ट वेगळी. पण सावळारामने एका शुक्रवारी जेवता जेवता सांगून टाकलं होतं की भिवंडीजवळच्या शेलार गावचं स्थळ आलंय. मोरू नावाचा पोरगा, त्याच्याच लूमवर कांड्या भरायला होता. पोरगा वाईट नव्हता, एकदा घरी येऊन गेला होता, चहा बशीत ओतून पिताना त्याने मैनाकडे बघितलंसुद्धा नव्हतं. मैना रडली, जेवली नाही, गोठ्यात जाऊन बसली. शेवटी सावळाराम म्हणाला, "बघ मैने. त्या डागदरणीजवळ तुला काम लागलं तर मी दोन वर्सं थांबतो. शेलारवाल्यांना सांगतो पोरगी नोकरीला हाय. न्हाय लागलं तर ह्याच वैशाखात उरकायचं. मग मला नखरं नकोत."

आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलाशेजारी खुर्ची एकच होती. पिलारबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, दोघींना बसवून बघू, डॉक्टरला जिच्याबरोबर सोपं जाईल ती राहील. मैनाने ते ऐकलं आणि तिच्या डोळ्यांपुढे तानीचा तो र गरगरायला लागला. आपण बशीत चहा ओततोय आणि तानी खुर्चीत बसलीय. 

शहात्तरच्या मार्चमध्ये डॉक्टरीणबाई मुंबईला उतरल्या. इनेस त्यांचं नाव. दवाखाना उघडायचा दिवस ठरला, अर्थातच शुक्रवार, म्हणजे लूमवरची माणसंपण घरी असतील. आणि त्याच आठवड्यात सोमवारी पाड्यावरचा नवशा मैनाच्या दारात आला.

नवशाच्या पोराचं लग्न होतं. पाड्यावर कोणाचंही लग्न असलं की मोठी भांडी मैनाच्या घरून जायची, दोन मोठे टोप आणि पितळेचं घंगाळ. आजोबांच्या वेळेपासूनची रीत. बायजाबाई नदीवर गेली होती, ओट्यावर मैना एकटीच तांदूळ निवडत होती. नवशा म्हणाला की राहीबाईला हा शुक्रवार पण चालतो आणि पुढचा पण चालतो, त्याचं त्यालाच ठरत नाही, पुढचा बरा वाटतो, जरा सवड मिळेल. आयेला विचार, टोप कधी मोकळे हायेत?

मैनाचा हात सुपात थांबला.

ती काही ठरवून बोलली नाही. खरंच नाही. तोंडातून बाहेर पडलं. "ह्याच शुक्रवारी करा, नवशाकाका. पुढच्या शुक्रवारी टोप शेलारला जायचेत. आमच्या पावण्यांकडे."

"अस्सं हाय? मंग ह्याच शुक्रवारी उरकतो," नवशा म्हणाला आणि बिडी कानामागे लावून गेला. झालं. इतकं सोपं होतं ते. दोन वर्षं जे तिच्या जिभेला जमलं नव्हतं ते एका वाक्यात जमलं. मैनाने परत तांदूळ निवडायला घेतले, आणि खडे सुपात ठेवून तांदूळच बाहेर टाकत होती हे तिच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

बुधवारी तानी नवशाच्या बायकोबरोबर भांडी न्यायला आली, तेव्हा मैना मुद्दाम घरी थांबली नाही, शाळेत जाऊन दवाखान्याच्या भिंती पुसत बसली. संध्याकाळी तानी तिला शोधत तिथे आली. मैनाला वाटलं आता ही रडणार. निदान तोंड तरी पाडणार. तानी पायरीवर बसली, पायातला काटा काढला आणि म्हणाली की शुक्रवारी ती येऊ शकत नाही, नवशाकाकाच्याकडे लग्न आहे, आईचा घसा बसलाय, ओळ धरायला दुसरं कोणी नाही.

"तूच बस," तानी म्हणाली. "पिलारबाईला सांग सगळा पाडा लग्नाला हाय. आनि आईक, दुखनं विचारायचं वाक्य तू लय घाईत म्हणतेस. सावकाश म्हण. दोंदे ले दुएले. असं. म्हातारीला विचारल्यासारखं."

कुठे दुखतंय, हे ते वाक्य. तानीने ते असं म्हटलं की मैनाला खरंच कुठेतरी दुखलं.

ही रडत का नाही? हिला खुर्ची नको का? जे आपल्याला जीव टाकून पाहिजे ते हिच्या हातून जातंय आणि ही काटा काढतेय. मैनाला आता तानीच्या र चा नाही, तानीच्या न रडण्याचा हेवा वाटायला लागला, आणि तो जास्त वाईट होता. तिने मान डोलावली, हो सांगते म्हणाली. आणि पिलारबाईंना काही म्हणजे काही सांगितलं नाही. उलट गुरुवारी त्यांनी विचारलं तानी कुठे आहे, तर मैना म्हणाली, मला नाही माहीत.

शुक्रवार उजाडला. दवाखान्याच्या दाराला आंब्याचं तोरण, आत फिनेलचा वास, पांढऱ्या चादरी. इनेसबाई बुटक्या, गोल, डोक्याला रुमाल, आणि तोंड एकदा उघडलं की बंद नाही. पिलारबाईंची स्पॅनिश फळ्यावर एकेक अक्षर काढून दिलेली, ही तर मागे कुत्रा लागल्यासारखी पळत होती. मैनाला दहातला एक शब्द कळत होता. पण तो एक शब्द तिने आल्या आल्याच पकडला. इनेसबाईंनी तिला बघितलं, दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "इखा."

मैनाच्या डोळ्यात पाणीच आलं. दोन वर्षांनी. पण लगेच इनेसबाई झाडलोट करणाऱ्या काशीला म्हणाल्या, इखा. तोरण बघायला आलेल्या पोरीला म्हणाल्या, इखा. दारात आलेल्या कोंबडीला हाकलताना तिलाही म्हणाल्या, इखा. मैनाच्या डोक्यात प्रकाश पडला. ह्यांच्याकडे सगळ्यांनाच इखा म्हणतात. ह्यांच्याकडे कोंबडीपण लेक आहे. म्हणजे दोन वर्षं पिलारबाई जगातल्या फक्त एकाच माणसाला इखा म्हणाल्या नव्हत्या, आणि ती मी.

ती खुर्चीत बसली. ती एकुलती एक खुर्ची. सावळाराम धुतलेला सदरा घालून दारापाशी उभा, बायजाबाई पदर सावरून त्याच्या मागे. आता आजारी यायचे.

कोणी येईना.

ऊन चढलं तरी कोणी येईना. गावातल्या बायका समोरच्या ओट्यावर बसून बघत होत्या. त्यांचं सरळ होतं, आधी पाड्यावरच्या बायकांना सुई टोचू दे, त्या जगल्या तर आम्ही येऊ. आणि पाड्यावरचं कुत्रंसुद्धा आलं नाही. शेवटी दाजी नावाचा म्हातारा काठी टेकत आत आला. मैना ताठ झाली, तानीने सांगितलं होतं तसं सावकाश स्पॅनिशमध्ये म्हणून दाखवलं, मग मराठीत विचारलं, आजा कुठं दुखतंय?

"कुठं न्हाय," दाजी म्हणाला. "बाहेर ऊन लय हाय."

मैनाने तेच सांगितलं. इनेसबाई एवढ्या हसल्या की दाजीपण हसला, आणि तिथेच बाकावर आडवा होऊन घोरायला लागला.

सावळाराम हसला नाही. तो बायजाबाईला हळूच म्हणाला, पण मैनाला ऐकू गेलं. "एवढंच काम असल तर त्याला पोरगी कशाला लागते? आनि आजारीच न्हाईत तर पगार कशाचा? उद्या मोरूच्या बापाला निरोप देतो."

 तेव्हा मैनाला कळलं तिने काय केलं होतं ते. तिला एक तानी लांब पाठवायची होती. पण राहीबाई गाणार म्हटल्यावर एक तानी जात नाही, आख्खा पाडा जातो, आजूबाजूचे पाडे जातात, लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, खोकणारे, कण्हणारे, सगळे. तिने स्वतःच्या हाताने दवाखाना रिकामा केला होता. टोप शेलारला जाणार असं खोटं सांगितलं म्हणून आता तीच शेलारला जाणार होती.

इनेसबाईंनी हात पसरून विचारलं, माणसं कुठे आहेत? एवढं मैनाला कळलं. आणि तिच्याकडे शब्द होता. ती बोलली.

"बोदा." लग्न.

पिलारबाईंनी तिच्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?" त्या मराठीत म्हणाल्या. मैनाने टेबलावरचे कागद सरळ केले. पण इनेसबाई तोपर्यंत औषधांची पेटी उचलून शाळेच्या जीपकडे चालायलाही लागल्या होत्या, "वामोस, वामोस" करत, म्हणजे चला, चला. ज्या गावात आजारी दवाखान्यात येत नाहीत तिथे दवाखान्याने लग्नाला जायचं, त्यांच्यासाठी एवढं साधं होतं. सावळाराम जीपच्या मागच्या फळीवर लटकला. तो काय होतंय ते बघितल्याशिवाय राहणारा नव्हता.

मांडवात माणूस मावत नव्हता. घराच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाने लग्नाचा चौक काढलेला, त्याच्यासमोर राहीबाई बसलेली आणि तिच्या मागे तानी. राहीबाईचा आवाज पार फाटलेला. ती दोन शब्द म्हणायची की तानी ओळ उचलायची, आणि मग नुसती तानी. मैनाने तिला गाताना कधी बघितलं नव्हतं. इतक्या वर्षांत कधी पाड्यावरच्या लग्नात ती आलीच नव्हती, टोप यायचे, मैना यायची नाही. ती बांधावरची तानी नव्हतीच. आख्खा मांडव तिच्या तोंडाकडे बघत होता, नवरा-नवरी तिच्या आवाजावर थांबलेले होते. आणि इनेसबाईंचं तोंड पहिल्यांदाच बंद झालं.

मग त्यांनी मैनाच्या कानात विचारलं, "किएन एस?" कोण आहे ती?

हे वाक्य मैनाला चांगलं येत होतं. उत्तरंपण येत होती. मैत्रीण म्हणता आलं असतं. माझ्याबरोबर शिकते म्हणता आलं असतं. बाप मागे उभा होता. पिलारबाई लांब, नवशाशी बोलत होत्या.

"नादिए," मैना म्हणाली. कोणी नाही.

इनेसबाईंनी मान हलवली आणि परत गाण्याकडे वळल्या. पण डॉक्टरचे डोळे ते. राहीबाई सारखी गळ्याला हात लावत होती, डोळे लाल, अंग झोकांड्या खात होतं. इनेसबाई पुढे गेल्या, तिचा हात धरून उठवायला लागल्या. मांडवात एकदम गलका झाला. नवशा पुढे धावला. तेव्हा मैनाला सगळं सोडून मधे जावं लागलं, कारण दोन्ही बाजूंचं कळणारी आणि मोकळी अशी ती एकटीच होती. पिलारबाई गर्दीत अडकल्या होत्या आणि तानीला तोंडातली ओळ सोडता येत नव्हती. मैनाने मोडक्या-तोडक्या वाक्यांत सांगितलं, ती गाते, ती उठली तर लग्न नाही, लेक गाईल, लेक गाते तोपर्यंत इथेच बसून बघा. मग राहीबाईपुढे बसली, आणि सावकाश, म्हातारीला विचारल्यासारखं, मराठीत विचारलं, मावशी, कुठं दुखतंय?

राहीबाईने बोटाने गळा दाखवला, मग कान, मग छाती. मैना सांगत गेली. शब्द येत नव्हता तिथे हात दाखवला. इनेसबाईंनी जागेवरच घसा बघितला, ताप बघितला, सुई टोचली, गोळ्या दिल्या, गरम पाणी पाजलं. आणि राहीबाई सुई टोचून जिवंत आहे हे बघितल्यावर सगळ्या बायकांना आपापलं दुखणं आठवलं. मांडवाबाहेर आंब्याखाली रांग लागली. कान, दात, खरूज, पोरांचं पोट, कोणाची पाळी. मैना बसली ती उठलीच नाही. तिने नावं लिहिली, दुखणं विचारलं, गोळी कधी घ्यायची ते तीन-तीनदा सांगितलं. सावळाराम आंब्याला टेकून बघत होता, आणि गावातला कोणी दिसला की म्हणत होता, माझी पोरगी हाय, डागदरणीचं सगळं तिला कळतं.

म्हणजे मिळालं. जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं. पण मांडवातून तानीचा आवाज येत होता, थांबतच नव्हता, आणि इनेसबाई स्टेथोस्कोप कानाला लावतानासुद्धा ती चाल गुणगुणत होत्या. मैनाने मुद्दाम औषधांची पेटी आपटली.

ऊन कललं तेव्हा गाणं पुरं झालं. लग्न लागलं. तानी बाहेर आली, केस विस्कटलेले, आवाज खरखरीत, आणि ती थेट इनेसबाईंपुढे येऊन उभी राहिली. तिने स्पॅनिशमध्ये आईसाठी आभार मानले, आई झोपली आहे म्हणून सांगितलं, ताप उतरला आहे म्हणून सांगितलं, आणि पाड्यावरचा एक कुत्रा इनेसबाईंच्या पायाशी हुंगत होता त्याला हाकलत म्हणाली, घाबरू नका, हा पेर्रो चावत नाही. बसलेल्या घशातूनसुद्धा र गरगर फिरला.

इनेसबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग मैनाकडे बघितलं.

"नादिए?" त्या म्हणाल्या.

आवाज चढवला नाही, काही नाही. एवढंच. सावळारामला कळलं नाही, कोणालाच कळलं नाही, पण तानीला कळलं. मैनाला तिथून पळून जावंसं वाटलं.  बाप बघतोय, खुर्ची जातेय, मोरू बशीत चहा ओततोय, सगळं डोळ्यांपुढे आलं, आणि तरी ती बोलली, कारण त्या नजरेपुढे दुसरं काही जमेना. ही तानी, ती म्हणाली. माझ्याबरोबर शिकते. माझ्यापेक्षा चांगली बोलते. हा चांगली शब्द तिला दोनदा म्हणावा लागला.

इनेसबाईंनी दोघींकडे बघितलं, पिलारबाईंना हाक मारली, दोघी भराभर काहीतरी बोलल्या. मग पिलारबाईंनी सांगितलं की खुर्च्या दोन ठेवणार. पाड्यावर जायचं तिथे तानी, दवाखान्यात लिहिणं आहे तिथे मैना, आणि बाकी वेळ दोघी. पगार एकाच माणसाचा होता, तो अर्धा अर्धा.

सावळारामने डोकं खाजवलं. "अर्ध्या पगारात मी अर्धं लगीन थांबवू काय?" पण त्याने दुपारभर इतक्या लोकांना पोरगी दाखवून ठेवली होती की आता मागे फिरणं अवघड होतं. मोरूच्या बापाला निरोप गेला, पण थांबा म्हणून गेला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दोन खुर्च्या शेजारी शेजारी. आजारी यायचे होते. तानी पाय हलवत बसली होती. मैनाला ते पोटात ठेववेना.

"तानी," ती म्हणाली, "टोप शेलारला जाणारच न्हवते."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"बुधवारपासून. टोप न्यायला आलू तर बायजाकाकी म्हणाली, सावकाश आना परत, मला आता आखाडापर्यंत लागत न्हाईत."

 बुधवारी हिला माहीत होतं. बुधवारी संध्याकाळीच ही पायरीवर बसून काटा काढत होती आणि आपल्याला वाक्य शिकवत होती. नवशाकाकाला एक शब्द सांगितला असता तर लग्न पुढच्या शुक्रवारी गेलं असतं. म्हणजे आपण जे चोरलं असं वाटत होतं तेसुद्धा हिने दिलेलं. तेसुद्धा हिचंच. मैनाच्या अंगाचा असा भडका उडाला की ती खुर्चीवरून उठलीच.

"मंग का न्हाय सांगितलंस? का गेलीस?"

तानीने पाय हलवायचे थांबवले. मग टेबलावरच्या कागदाकडे बघत म्हणाली, "तुझा हात असा सरासरा चालतो लिहिताना. पिलारबाई बोलते आनि तू लिहितेस, मान बी वर करत न्हाईस. ती तुला मुई बिएन म्हणते. मला कधी म्हणाली? पोर हाय म्हणून गाल थापटते." तिने कागद बाजूला सारला. "डागदरणीसमोर तू लिहिशील आनि मी बघत बसंन. त्यापरीस मांडव बरा. तिथं तू न्हाईस."

मैना हळूच परत खुर्चीत बसली. "तू माझ्यावर जळतेस?"

"लय."

"खरंच? कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून. आता गप बस."

मैना गप बसली. पण तिला इतकं बरं वाटलं, इतकं गार वाटलं, की तिने पदर तोंडाला लावून हसू दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला हवं ते म्हणालं होतं. मग तिला सुचलं. "जळनं स्पॅनिशमधे काय म्हणतात गं?"

तानीला येत नव्हतं. मैनालाही येत नव्हतं. पिलारबाईंनी दोन वर्षांत टेबल शिकवलं, कुत्रा शिकवला, दुखणं शिकवलं, हे तेवढं शिकवलं नव्हतं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, तेवढ्यात पहिली आजारी दारात आली.

पुढच्या सकाळी मैना घरचं झाडणं अर्धवट टाकून, न खाता, दवाखान्याकडे पळाली. इनेसबाईंना एकटीला गाठून तो शब्द विचारायचा होता.

तानी तिच्याआधीच त्यांच्यासमोर चहा पीत बसलेली होती.